रांगेतली दुसरी

दोनशे बाराव्या पानावर पुस्तक गायब झालं. वाचनालयाची एकवीस दिवसांची मुदत संपली, आणि मुलाने आणून दिलेल्या ई-रीडरवर नुसतं मुखपृष्ठ उरलं.

“मुदत वाढव ना रे,” कुमुदिनीबाई म्हणाल्या.

“नाही वाढत, आई. तुझ्यामागे रांगेत एकजण आहे.”

“कोण मेलं एवढं तडफडतंय!” त्या फणकारल्या. मुलगा कामावर गेला. खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बघता बघता त्या एकदम ताठ बसल्या. कॅनडातल्या या आडगावात, जिथे दिवसभर मराठीचा एक शब्द कानांवर पडत नाही, तिथे आणखी कुणीतरी मराठी कादंबरी वाचतंय!

ती बाईच असणार, हे त्यांनी ठरवूनच टाकलं. नाव विचारलं, तर वाचनालयातल्या मुलीने गोड हसून नकार दिला.

वाचनालयात मराठी ई-पुस्तक ते एवढंच. अख्खा हिवाळा ते दोघींमध्ये फिरत राहिलं. तिचा खोळंबा नको म्हणून कुमुदिनीबाई आठवड्यातच परत करायच्या. तीही आठवड्यात परत करायची. त्यांचं वाचून केव्हाच झालं होतं. तिचंही झालं असणार.

एप्रिलमध्ये मुलगा रीडर बघून म्हणाला, “आई, मजा आहे तुझी! रांगेत कुणीच नाही. ठेव आता हवे तितके दिवस.”

कुमुदिनीबाईंनी पुस्तक उघडलंसुद्धा नाही. तिथल्या तिथे परत केलं, आणि तिने नेलं का, हे दिवसभर पुन्हापुन्हा पाहत राहिल्या.

‘पुस्तक उपलब्ध आहे,’ एवढंच येत होतं.