पान्याचा ठसा

"कापड पांढरंच राहिलं?" आईने विचारलं.

व्हिनेगर आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कापडात मी बाबांचा मोठा पाना दोन दिवस गुंडाळून ठेवला होता. लोखंड गंजलं की गंजाचा ठसा कापडावर उतरतो. ते कापड मला माझ्या चित्रात चिकटवायचं होतं. पण साधा डागसुद्धा पडला नव्हता.

"नाहीच गंजायचा," आई म्हणाली. "एवढं तेल पाजलंय त्याला."

बाबा फिटर होते. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. अजूनही दर खंडेनवमीला आई त्यांच्या हत्यारांची पूजा करते आणि मग एकेकावर तेलाचा हात फिरवून ठेवते.

"राहू दे मग," मी म्हणाले. "बाजारातून दुसरा आणते."

पाना मांडीवर घेऊन ती जरा वेळ बसली. मग उठून मोरीत गेली आणि तेलाचा ओशटपणा जाईपर्यंत भांड्यांच्या पावडरीने त्याला घासत राहिली.

दोन दिवसांनी आम्ही दोघींनी मिळून कापड उलगडलं. तांबूस पाना दांड्यासकट उमटला होता.

"चित्र दसऱ्यानंतर पुरं कर," आई म्हणाली. "यंदा पूजेला हे कापड मांडू."