बाळाच्या तोंडात काय गेलं

"बाळाला पाणी देता?"

"थेंबसुद्धा नाही," विद्याश्री म्हणाली. "पाच महिन्यांचा आहे. फक्त अंगावरचं दूध."

आरोग्यसेविका संयोगितानं फॉर्मवर फुली मारली. पूर ओसरून आठवडा झाला होता. गल्लीतली चार तान्ही बाळं जुलाबानं शिरोळच्या दवाखान्यात होती. मोठं माणूस एकही नाही. आरोग्य खात्याचा संशय गावच्या टाकीवर होता. उद्या टाकीत आणखी ब्लीचिंग पावडर टाकायची का, हे आज घरोघरी विचारून ठरणार होतं.

"नेहमीचं सांगू नका. काल उठल्यापासून बाळाच्या तोंडात काय काय गेलं?"

"सांगितलं की. दूध." चौथं बाळ भरती झाल्यापासून विद्याश्री प्रत्येक लंगोट उजेडात धरून बघत होती.

उंबऱ्याजवळ बायडाबाईनं मांडीवरच्या मृत्युंजयचं तोंड पदरानं पुसलं. गल्लीतल्या बाळांना तीच न्हाऊ घालायची. "आन् गुटी गं? ती काय तुझी सासू घालतीया?"

"ते औषध झालं, मावशी. बोटभर चाटण."

"कशात उगाळता?" संयोगितानं विचारलं.

"पाण्यात. मग काय च्यात?"

"नळाच्या?"

"नळाला तुमच्याच लोकांनी पावडर टाकलीया. नुसता वास मारतोय! त्ये लेकराच्या तोंडात घालू व्हय? मळ्यातल्या आडाचं आणते की मी, तांब्या भरून. सगळ्या घरांत त्येच."

गेल्या पंधरवड्यात विद्याश्रीनं गच्चीवरून मळा पाहिला होता. आड दिसतच नव्हता. रहाटाचं टोक तेवढं पुराच्या पाण्यावर होतं.

"सगळ्या म्हणजे कुणाकुणाच्या?" संयोगितानं विचारलं.

बायडाबाईनं बोटांवर मोजली. "आकारामची नात. क्रांतीची पोरगी. गुंडूचा धाकटा. गल्लीच्या टोकाची अनुजा हाय न्हवं, तिचा."

संयोगितानं एकही नाव लिहून घेतलं नाही. दवाखान्यातल्या बाळांची ही चारही नावं फॉर्मच्या माथ्यावर सकाळीच छापून आली होती.

"आन् पाचवा ह्यो माझा राजा."

विद्याश्रीनं बाळ हिसकावून घेतलं. "आजची... आजची दिलीस?"

"आत्ताच की. रडला बी न्हाय." तिघींकडं बघत मृत्युंजयनं ओठ चाटले.