पुष्पाबाई माहेरी निघाल्या

“तुमच्या बहिणी, तुमची आखाजी. मी चालले सोनगीरला,” पुष्पाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पिशवीत तिसरी साडी कोंबली.

सुकदेव दाढी करत होते. अर्ध्या गालाचा फेस तसाच ठेवून त्यांनी आरशातूनच विचारलं, “आणि पुरण?”

“पाट्याला विचारा.”

कापसाच्या जिनिंगचा हंगाम संपून दीड महिना झाला होता. मशीन बंद, म्हणून सुकदेवांचा पगारही बंद. उद्या तिघी नणंदा नऊ पोरांसह येणार होत्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशातल्या लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, आणि भावजया आत पुरण वाटतात. माहेरी आलेल्या लेकीला ‘घरात पैसा नाही’ असं सांगणारा माणूस अमळनेरात अजून जन्माला यायचा होता. त्यामुळे दरवर्षी रोज आमरस, रोज सांजोऱ्या, जाताना तिघींना पातळं, आणि मग पावसाळाभर पुष्पाबाईंची डोकेदुखी. डॉक्टरांनी त्यावर पित्ताच्या गोळ्या दिल्या होत्या.

सत्त्याऐंशी सालच्या चैत्रात पुष्पाबाईंना एकाएकी आठवलं, की आपल्यालाही माहेर आहे. लग्नाला सतरा वर्षं झाली. एकाही आखाजीला त्या तिकडे गेल्या नव्हत्या. गेल्या त्या लग्नाकार्याला, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. त्यांनी लगेच भावजयीच्या, भागाबाईच्या, नावानं कार्ड टाकलं. ‘आखाजीला येते. पंधरा दिवस राहीन. रस आणि झोका, दुसरं काही नको.’

धुळ्याला गाडी बदलली. शेजारी बसलेल्या बाईंना त्यांनी सोनगीरपर्यंत नणंद हा एकच विषय ऐकवला. नणंद स्वयंपाकघरात पाणी प्यायला येते. रस पातळ झाला तर ती बोलत काही नाही, नुसती वाटीकडे बघते. त्या बाईही कुणाच्या तरी भावजय निघाल्या. त्यांनी मनापासून साथ दिली. किल्ल्याची टेकडी दिसू लागली तेव्हा पुष्पाबाईंचं डोकं पिसासारखं हलकं झालं होतं.

भावाच्या, भिकनच्या, दाराला कुलूप होतं.

शेजारच्या ओट्यावर एक म्हातारी गहू निवडत होती. वच्छलाबाई. मुलाकडे राहायला येऊन तिला दोनच वर्षं झाली होती, त्यामुळे दोघींची ओळख नव्हती.

“भागाबाई? ती त सकायनी गाडीवर माहेर गयी, शिरपूरले. भिकन पोचाडाले गया.”

“अशी अचानक?”

“मंग काय करी बिचारी? तिनी नणंद ई राहिनी!” म्हातारीनं आवाज खाली आणला. “पंधरा रोज राही म्हने. घरमा बठ्ठा पैसा सरी गया. नणंदनं कार्ड पीठना डबामा दपाडी दिधं, भिकनले सांगं बी नही. रातभर रडनी. आनि नणंद काय लिखस? रस जोयजे, झोका जोयजे! कसानी बाई शे काय माहीत.”

पुष्पाबाई ओट्याच्या कडेला टेकल्या. नणंद कशी असते हे त्यांनी तासाभरापूर्वीच एका बाईला अगदी नीट समजावून सांगितलं होतं. म्हातारीनं पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी तो सावकाश रिकामा केला, तोंड पुसलं आणि त्या उठल्या.

“धुळ्याची गाडी कधी आहे?”

“आते ई. पन एवढा उन्हमा उनी, जराशी बस ना. तू कोन शे माय? भागाबाईले काय सांगू?”

पुष्पाबाईंनी पिशवी खांद्याला लावली.

“मी अमळनेरची. शिरपूरला कुणी जात असेल तर तिला निरोप पाठवा. म्हणावं, पंधरा दिवस खुशाल राहा, नणंद येत नाही. तिच्याही घरात पैसा नाही, आणि उद्या ते तिला स्वतःच्या तोंडानं तीन नणंदांना सांगायचं आहे.”