टपावरच्या दोन थापा

आलापल्लीच्या उतारावर इस्तारीनं ब्रेक दाबला आणि पाय थेट तळाला जाऊन टेकला. महायुद्धातून उरलेली जुनी लष्करी लॉरी, पाठीवर बांबूचा भार, आणि भर दुपारच्या उन्हात समोरचा रस्ता नुसता खाली खाली जाणारा.

तो घाबरला, पण हात चुकले नाहीत. इंजिन चालूच ठेवून त्यानं गिअर एकेक करत खाली आणला, हँडब्रेक बेतानं ओढला.

मागं बांबूवर हमाल लटारू बसायचा. काही सांगायचं झालं की तो केबिनच्या टपावर हात मारी. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल.

टपावर दोन थापा पडल्या.

"अबे, ब्रेक नाई लागून राह्यला!" इस्तारी ओरडला. "चल-चल काऊन करून राह्यला?"

पुन्हा दोन. मग प्रत्येक वळणावर दोन, आणि दर खेपेला जास्त जोरात.

शेवटी त्यानं लॉरी डोंगराच्या अंगाला घातली. मातीची दरड खरवडत गाडी कशीबशी थांबली. तो खाली उतरला.

इतक्यात वरच्या रस्त्यानं लटारू धापा टाकत पळत आला. त्याचे दोन्ही गुडघे फुटले होते.

"भाऊ, मी तं पयल्याच वळनावर उडी मारलो! किती आवाज देल्लो तुले!"

दोघांनी मिळून एक मोठा दगड चाकापुढे लावला आणि ते चार पावलं मागं सरले. उन्हात टप रिकामा दिसत होता.

त्यावर दोन थापा पडल्या.

चाकापुढचा दगड करकरू लागला.