शेवटचं गिऱ्हाईक

पिल-ग्यूचं बुसानमधलं खरं दुकान बुडालं, पण कॉम्प्युटरवरच्या खेळातलं त्याचं दुकान तुफान चालायचं. तेवढाच जिवाला आधार. शेवटचं गिऱ्हाईक गेल्याशिवाय मात्र खेळातलं दुकान बंद करता येत नसे.

आज एक म्हातारी नूडल्सच्या फळीपाशी पाठमोरी उभी होती. हलेचना.

"अहो, जेवण गार होतंय!" स्वयंपाकघरातून बायको ओरडली.

"हिला घालवतो नि आलोच!"

त्याने बटणं बडवली, शेवटी वायरच उपटली. पडदा तसाच उजळ. रडकुंडीला येऊन तो खऱ्या गिऱ्हाइकाला निरोप द्यावा तसा कमरेत वाकला. "आजी, एवढी दया करा. निघा आता."

म्हातारी वळली. तीही तशीच अदबीनं वाकली.

"आधी तुम्ही निघा. मला बंद करायचंय."

त्याच्या पाठीमागे स्वयंपाकघरातला दिवा विझला.