सरासरीच्या वर

"ॲव्हरेज के नीचे जो है, उसको कल से मना कर देना," शेठ म्हणाले आणि चहा प्यायला निघून गेले.

संचिता कॉम्प्युटरसमोर बसून राहिली. भाईंदर पूर्वेच्या त्या स्टीलच्या कारखान्यात डबे पुसून खोक्यांत भरणारी आठ माणसं होती. तिची आई, विमलाबाई, त्यांतलीच एक. आता पॅकिंगचं मशीन येणार, म्हणून माणसं कमी करायची. कोण जाणार ते एक्सेल ठरवणार. माणसाने ठरवलं असतं तर त्याला निदान शिव्या तरी देता आल्या असत्या.

तिने सुपरवायझरच्या वहीतले महिन्याचे आकडे भरले. प्रत्येकाचं रोजचं सरासरी काम निघालं. शेवटच्या ओळीत आठही जणांची सरासरी आली. एकसष्ट खोकी.

आधी आईचा आकडा बघितला. बासष्ट. तिच्या जिवात जीव आला. बोटं आखडतात म्हणून आई रोज कुरकुरायची, पण निभावलं होतं तिने.

एकसष्टच्या खाली तिघं होते. दोघं तरुण, त्यांना कुठेही काम मिळालं असतं. तिसरे सहादेवकाका. बावन्न.

वडील गेल्यावर खारीगावातल्या या शेजाऱ्यानेच मायलेकींना इथे चिकटवलं होतं. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला आता दारात तरी कोण उभं करणार? काकांचा हात इतका मंदावला कधी, तेच तिला कळेना.

आई दारात आली. "झालं का गं?"

"तू सेफ आहेस."

"आणि सहादेवभावजी?"

संचिताने नजर स्क्रीनवरच ठेवली. आई काहीतरी बोलणार होती, पण पदराला हात पुसत तशीच परत गेली.

संचिताने बावन्न खोडून चौसष्ट टाकले. एकसष्टच्या चांगलेच वर. फाईल शेठना व्हॉट्सॲप केली आणि कॉम्प्युटर बंद केला.

सकाळी सुपरवायझरने तीन नावं वाचली. तिसरं विमलाबाईंचं होतं.

संचिता धावत आत गेली, फाईल उघडली. शेवटच्या ओळीत साडेबासष्ट, आई बासष्टवरच. एकाचा आकडा वाढवला की सगळ्यांची सरासरी वर सरकते. कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. गाढवासारखी ती कालचा एकसष्टच डोक्यात धरून बसली होती. आता शेठना खरं सांगावं, तर आई राहील, पण काका जाणार आणि खोटा आकडा भरला म्हणून तिची स्वतःची नोकरीही.

सहादेवकाका डब्याची पिशवी घेऊन दारात उभे होते. घरी जायच्या तयारीनेच आले होते ते.

"संचिता, माझं नाव कसं नाय आलं?"

"मी वाढवला तुमचा आकडा, काका," ती रडत म्हणाली.

काकांनी डब्याची पिशवी स्टुलावर ठेवली.

"अगं येडे, माझी रोजची दहा खोकी मीच तुझ्या आईच्या नावावर लिहायला लावत होतो."