तिसऱ्या मजल्यावर कोणी नाही

देवपुरातल्या आमच्या कॉम्प्लेक्सला वीजबचतीचं प्रमाणपत्र हवं म्हणून पॅसेजमध्ये नवे दिवे बसवले. माणूस आला की लागतात, गेला की विझतात. त्याची नोंद मालकांच्या, लखनभाऊंच्या मोबाइलवर येते.

झाडूपोछा करणाऱ्या लताबाईसाठी मात्र रिकाम्या तिसऱ्या मजल्यावरचा एकही दिवा लागत नव्हता. मी ऑफिसात फायली सांभाळणारा म्हातारा. आपलेच डोळे अधू झाले असतील, असं समजून आठ दिवस गप्प राहिलो.

आज भाऊंनी तिला कामावरून काढलं. "आठ दिवसांत तिसऱ्या मजल्यावर कोणीच आलं नाही. यंत्र खोटं बोलतं का?"

"मंग फरशी कोन पुसस, भाऊ?"

ते हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "वर चला!" मी ओरडलो. तो आवाज माझा वाटेना.

आम्ही जिन्यात थांबलो. लताबाईने आमच्यादेखत पलीकडच्या टोकापासून फरशी पुसली, नेहमीसारखी मागे मागे सरकत. दिवा लागला नाही.

"हिलाच काम येत नाही," म्हणत भाऊ बांधकामावरचे धुळीने माखलेले बूट घालून ओल्या फरशीवरून पार टोकाला गेले. दिवा लागला नाही. त्यांनी हात हलवले, उड्या मारल्या. मग मोबाइल पाहून हळूच वाचलं, "कोणी नाही."

"आते तुमनी बी गैरहजेरी का, भाऊ?" लताबाई म्हणाली.

मला हसू आलं. तेवढ्यात जिन्यातलं ऊन फरशीवर पडलं. आमच्यापासून भाऊंपर्यंत ती ओली, लख्ख होती. बुटांचा एकही ठसा तिच्यावर नव्हता.